रूसो यांचे आयुष्यभराचे दुखणे आणि प्रोस्टेटचा रिपोर्टमध्ये न सापडणारा दाह

लघवीची तपासणी स्वच्छ, कल्चरमध्ये जंतू नाहीत, सोनोग्राफी नॉर्मल, आणि तरीही ओटीपोटात, जांघेत, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात दुखणे चालूच. लघवी अडखळत होते, पुन्हा पुन्हा लागते, वीर्यपतनाच्या वेळी वेदना होतात. अँटिबायोटिकचे दोन-तीन कोर्स झाले, थोडे दिवस बरे वाटले, मग पुन्हा तेच. घरचे म्हणतात की मनाचे खेळ आहेत. तुमची किंवा तुमच्या घरातल्या कुणाची अशी अवस्था असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. यात एका फार मोठ्या माणसाच्या आजारपणाची गोष्ट सांगायची आहे आणि तिच्या आधाराने, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती प्रोस्टेटच्या दाहाला कितपत जबाबदार असू शकते हे समजून घ्यायचे आहे.

शाळेत किंवा कॉलेजात राज्यशास्त्र शिकताना तुम्ही जाँ-जाक रूसो हे नाव वाचले असेल. सामाजिक कराराचा सिद्धांत मांडणारे, फ्रेंच राज्यक्रांतीला विचारांची शिदोरी देणारे तत्त्वज्ञ. पाठ्यपुस्तकात नसते ती गोष्ट अशी की या माणसाने जवळजवळ सगळे आयुष्य लघवीच्या त्रासात काढले.

जन्मापासूनची साथ

रूसो यांचा जन्म २८ जून १७१२ रोजी जिनिव्हात झाला. वडील घड्याळे बनवणारे कारागीर. बाळंतपणानंतर काही दिवसांतच आई गेली. मूल इतके अशक्त होते की ते जगेल याची आशा नव्हती. आत्याने त्याला वाढवले. रूसो यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की एका दुखण्याचे बीज ते जन्मतःच घेऊन आले होते आणि वयाबरोबर ते वाढत गेले. हे दुखणे म्हणजे लघवीला होणारा अडथळा.

सोळाव्या वर्षाच्या आत त्यांनी जिनिव्हा सोडले. पुढे मादाम द वारेन्स या बाईंच्या आश्रयाने राहिले, संगीत शिकले, मिळेल ते वाचले. वाचनात वैद्यकाची पुस्तकेही आली आणि वाचलेला प्रत्येक आजार आपल्यालाच आहे असे त्यांना वाटू लागले. आज मध्यरात्री मोबाइलवर लक्षणे शोधणाऱ्या माणसाचे होते तेच. हृदयात गाठ झाली आहे अशी खात्री पटून १७३७ मध्ये ते उपचारांसाठी माँपेलिए शहरात गेले. तिथल्या डॉक्टरांना त्यांच्यात विशेष काही सापडले नाही.

भीती काल्पनिक होती, पण लघवीचा त्रास खरा होता. एकाच माणसात या दोन्ही गोष्टी असू शकतात. एखादा रुग्ण घाबरट आहे म्हणून त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. पुढचे सगळे वाचताना हे लक्षात असू द्या.

सहा महिन्यांची मुदत

१७४२ मध्ये रूसो पॅरिसला आले. १७५० मध्ये दिजों शहरातल्या विद्वत्सभेच्या निबंधस्पर्धेत त्यांना पहिले बक्षीस मिळाले आणि नाव झाले. त्याच सुमारास आजाराने जोर धरला. लघवी अडकू लागली. डॉक्टर बदलले, रक्त काढणे, काढे, पथ्ये सगळे झाले. दारां नावाच्या शल्यवैद्याने बनवलेल्या लवचिक, बारीक सळया मूत्रमार्गात घालून थोडा आराम पडे. दारां गेला तर या सळया कुठून मिळणार, या काळजीने रूसो यांनी भरपूर खर्च करून त्यांचा मोठा साठा करून ठेवला होता.

या काळात एका नामांकित शल्यवैद्याने त्यांच्या हितचिंतक बाईंना सांगितले की हा माणूस सहा महिन्यांपेक्षा जास्त जगणार नाही. ही गोष्ट रूसो यांच्या कानावर आली. थोडेच दिवस उरले असतील तर ते दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब ठेवण्यात कशाला घालवायचे, असा विचार करून त्यांनी खजिनदाराची चांगली नोकरी सोडली आणि संगीताच्या प्रती उतरवून पोट भरायचे ठरवले. त्यानंतर ते पंचवीसहून अधिक वर्षे जगले.

राजाची भेट टाळली

१८ ऑक्टोबर १७५२ रोजी फोंतेनब्लो इथल्या राजवाड्यात पंधराव्या लुईसमोर रूसो यांची संगीतिका सादर झाली. राजा खूश झाला. दुसऱ्या दिवशी रूसो यांनी दरबारात हजर व्हायचे होते आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतन मिळण्याची चिन्हे होती. रूसो गेलेच नाहीत. कारणे अनेक होती. बुजरेपणा होता, राजाचे मिंधे व्हायची तयारी नव्हती. पण त्यांनी स्वतः पहिले कारण दिले आहे ते लघवीचे. दरबारात तासन् तास उभे राहावे लागेल, मध्येच लागली तर काय करायचे, ही धास्ती त्यांना रात्रभर छळत राहिली.

एसटीचा लांबचा प्रवास टाळणारे, लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहणारे, मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरणारे अनेक पुरुष डॉक्टरांना भेटतात. हा आजार जीव घेत नाही, पण आयुष्य आक्रसून टाकतो. घरच्यांनी तो किरकोळ समजू नये तो यासाठी.

फ्रेर कोम यांची तपासणी

१७६२ च्या सुमारास एका उमराव मित्राच्या आग्रहावरून रूसो यांनी फ्रेर कोम यांच्याकडून तपासून घेतले. फ्रेर कोम हे धर्मबंधू होते आणि मूतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध होते. आधीच्या डॉक्टरांना मूत्राशयापर्यंत सळई नेता आली नव्हती. कोम यांनी अत्यंत बारीक नळी वापरून ते साधले. तपासणी दोन तासांहून जास्त चालली आणि ती किती वेदनेची असेल याची कल्पना करा, कारण भूल तेव्हा नव्हती. शेवटी निदान असे झाले की खडा नाही, मूत्राशय ठीक आहे, पण प्रोस्टेट ग्रंथी कठीण आणि नेहमीपेक्षा मोठी झाली आहे. त्रास पुष्कळ होईल, पण आयुष्य मोठे आहे, असेही त्यांनी सांगितले.

नवा उपचार काहीच मिळाला नाही. तरी रूसो यांनी नोंदवले आहे की त्या दिवसापासून त्यांचा त्रास बराच कमी झाला. खड्याने तडफडून मरण्याची भीती गेली. काल्पनिक दुखण्यांतून सुटल्यावर खरे दुखणे सोसणे सोपे झाले. अडीचशे वर्षांनंतर वेदनाशास्त्र हेच सांगते. भीतीने ओटीपोटाचे स्नायू आवळले जातात, मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते आणि तीच वेदना दुप्पट जाणवते. आजाराचे नाव कळणे आणि हा कॅन्सर नाही हे कळणे हाही उपचाराचा भाग आहे.

लांब झगा आणि शेवटची इच्छा

त्याच वर्षी त्यांच्या शिक्षणविषयक ग्रंथावर पॅरिसच्या न्यायसभेने बंदी घातली आणि अटकेचा हुकूम काढला. रूसो पळून स्वित्झर्लंडमधल्या मोतिए गावी गेले. तिथे त्यांनी आर्मेनियन पद्धतीचा पायघोळ झगा घालायला सुरुवात केली. लोकांना ते सोंग वाटले. खरे कारण साधे होते. वारंवार नळी वापरावी लागे, घट्ट तुमानीत ते अवघड जाई. १७६६ मध्ये ते इंग्लंडमध्ये असताना चित्रकार रॅमसे यांनी काढलेल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात हाच पोशाख दिसतो.

१७६३ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आजाराचे वर्णन लिहिले आणि मृत्यूनंतर आपले शरीर उघडून हे दुखणे नेमके काय होते ते शोधावे, अशी इच्छा नोंदवली. २ जुलै १७७८ रोजी एरमनोंव्हिल इथे त्यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. मूत्रपिंडे, मूत्राशय, मूत्रमार्ग, प्रोस्टेट सगळे पाहिले. दोष काही सापडला नाही.

म्हणजे त्यांचाही शेवटचा रिपोर्ट नॉर्मल आला.

मग रूसो यांना झाले काय होते?

यावर डॉक्टर आणि अभ्यासक आजही वाद घालतात. मूत्रमार्गाचा जन्मजात अरुंदपणा, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू नीट न उघडणे, चयापचयाचा आजार, निव्वळ मानसिक कारण, असे अनेक तर्क झाले. लहानपणापासूनचा त्रास पाहता सुरुवात प्रोस्टेटपासून झाली असेल असे म्हणता येत नाही, आणि त्यांना प्रतिकारशक्तीमुळे होणारा प्रोस्टेटदाह होता, असे तर कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. पण एक गोष्ट नक्की आहे. १७७८ सालचे विच्छेदन उघड्या डोळ्यांनी झाले होते. ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगनिदान करण्याची पद्धत पुढच्या शतकातली. दाहाच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांना नॉर्मल दिसणारा अवयव आतून शांत असेलच असे नाही.

प्रोस्टेटचा दाह म्हणजे काय?

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. तिच्या दाहाचे डॉक्टर चार प्रकार मानतात.

१. जंतुसंसर्गाने अचानक आलेला दाह. थंडी वाजून ताप, तीव्र वेदना, लघवीची जळजळ. यात तातडीने अँटिबायोटिक लागते.
२. जंतुसंसर्गाचा जुनाट दाह. तेच जंतू पुन्हा पुन्हा लघवीत सापडतात.
३. जुनाट प्रोस्टेटदाह किंवा जुनाट ओटीपोट वेदना. गेल्या सहा महिन्यांपैकी किमान तीन महिने वेदना, पण जंतू सापडत नाहीत. त्रास घेऊन येणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण याच गटातले.
४. कोणताही त्रास न देणारा दाह. दुसऱ्याच कारणाने केलेल्या बायोप्सीत तो योगायोगाने आढळतो.

प्रश्न तिसऱ्या प्रकाराचा आहे. जंतू नसतील तर दाह कशामुळे?

कुंपणच शेत खाते तेव्हा

आपली प्रतिकारशक्ती परके आणि आपले यांत फरक करते. जंतू दिसला की हल्ला, स्वतःची पेशी दिसली की गप्प. कधी कधी ही ओळख चुकते आणि शरीर स्वतःच्याच अवयवावर तुटून पडते. यालाच स्वयंप्रतिकार किंवा ऑटोइम्युनिटी म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच शास्त्रज्ञांना असे काही घडते हे पटत नव्हते. १९५६ मध्ये थायरॉइडवरच्या संशोधनाने ते मान्य करायला लावले. आज थायरॉइडचा हाशिमोटो आजार, संधिवाताचा एक प्रकार, लहान वयातला मधुमेह हे सगळे याच कुळातले आहेत हे आपण जाणतो.

प्रोस्टेटच्या बाबतीत संशयाची कारणे अशी आहेत.

पीएसएसारखी काही प्रथिने मुख्यतः प्रोस्टेटमध्येच बनतात आणि एरवी ती ग्रंथीच्या नलिकांमध्ये बंदिस्त असतात. जुना संसर्ग, इजा किंवा लघवी उलटी ग्रंथीत शिरणे यामुळे ही भिंत फुटली, तर ती प्रथिने प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडतात आणि परकी समजली जाऊ शकतात. संसर्ग केव्हाच संपतो, पण पेटलेली लढाई चालू राहते.

प्रयोगशाळेत उंदरांना प्रोस्टेटचाच अर्क, प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या पदार्थासोबत टोचला की एकही जंतू नसताना त्यांच्या प्रोस्टेटला सूज येते आणि ओटीपोट दुखू लागते. जुनाट प्रोस्टेटदाहाच्या काही रुग्णांच्या रक्तात, प्रोस्टेटच्या प्रथिनांना ओळखून चवताळणाऱ्या टी पेशी सापडल्या आहेत. काहींच्या वीर्यात दाह वाढवणारी रसायने जास्त असतात. ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशीही इथे काम करताना दिसतात. त्यांच्यातून सुटणारे पदार्थ मज्जातंतूंना डिवचतात, त्यामुळे सूज थोडी आणि वेदना फार असे होऊ शकते.

आता दुसरी बाजू. हे सगळ्या रुग्णांत आढळत नाही. काहींच्या प्रोस्टेटमध्ये दाहाच्या पेशी नसतातच. त्यांची वेदना ओटीपोटाच्या आवळलेल्या स्नायूंतून किंवा अतिसंवेदनशील मज्जातंतूंतून येते. दाह जितका जास्त तितकी वेदना जास्त, असे सरळ गणितही दिसत नाही. म्हणून जुनाट प्रोस्टेटदाह हा सरसकट ऑटोइम्यून आजार आहे असे म्हणणे चूक ठरेल. काही रुग्णांत प्रतिकारशक्तीचा वाटा असावा, इतकेच आज म्हणता येते. दवाखान्यात तो वाटा मोजणारी खात्रीची रक्ततपासणी अजून नाही.

काही आजारांत मात्र प्रतिकारशक्तीचा हात स्पष्ट आहे. आयजीजी४ नावाच्या आजारात स्वादुपिंड, लाळग्रंथी यांच्याबरोबर कधी प्रोस्टेटही सुजते आणि स्टिरॉइडने ती उतरते. रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या काही आजारांतही प्रोस्टेट सापडते. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजीचे औषध मूत्राशयात सोडल्यावर काहींच्या प्रोस्टेटमध्ये गाठाळ दाह होतो. तुम्हाला डोळे, लाळग्रंथी, सांधे, स्वादुपिंड यांचा आजार असेल किंवा असे उपचार झाले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुम्ही काय करावे?

पहिल्यांदा नीट तपासणी करून घ्या. लघवीची तपासणी आणि कल्चर, गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी, गरजेप्रमाणे सोनोग्राफी आणि लघवीच्या धारेची तपासणी. दाहामुळेही पीएसए वाढतो, म्हणून एका वाढलेल्या आकड्यावरून कॅन्सर गृहीत धरू नका आणि तो आकडा दुर्लक्षितही करू नका. दाह शमल्यावर पुन्हा तपासायचा का, हे डॉक्टर ठरवतील.

अँटिबायोटिकचा एक पुरेसा कोर्स सुरुवातीला दिला जातो. जंतू सापडले नाहीत आणि फायदाही झाला नाही, तर तीच औषधे पुन्हा पुन्हा घेण्यात अर्थ नाही. या आजारात दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिकने स्नायुबंधांना इजा होऊ शकते. दुकानातून परस्पर घेऊ नका.

ऑटोइम्यून हा शब्द वाचून स्टिरॉइड सुरू करू नका. नेहमीच्या जुनाट प्रोस्टेटदाहात स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उपयोगी असल्याचे सिद्ध झालेले नाही. दुष्परिणाम मात्र ठरलेले आहेत.

आज उपचार एका गोळीचा नसून रुग्णाच्या त्रासाप्रमाणे जुळवायचा असतो. लघवी अडखळत असेल तर टॅम्सुलोसिनच्या गटातली औषधे, दाह आणि वेदनेसाठी काही दिवस दाहशामक गोळ्या, आवळलेल्या स्नायूंसाठी ओटीपोटाची फिजिओथेरपी, गरम पाण्याच्या टबात बसणे, रोजचे चालणे. झोप उडाली असेल, उदास वाटत असेल तर त्यावरही उपचार हवा. तो घ्यायला सांगितला म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेडे ठरवले असे नाही. कुणाला मिरची, दारू, कॉफीने त्रास वाढतो. वाढत असेल तर टाळा. फार वेळ बसणे आणि लांबवर सायकल चालवणेही काहींना बाधते.

पूर्ण बरे व्हायला महिने लागू शकतात आणि मध्ये चढउतार येतात. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर बदलू नका. एकाच डॉक्टरांकडे टिकून राहिलात तर काय उपयोगी पडले याचा हिशेब राहतो.

थांबू नका, लगेच जा

- थंडी वाजून ताप आणि लघवीला वेदना
- लघवी अजिबात न होणे आणि ओटीपोट फुगणे
- लघवीत रक्त
- वजन घटणे, पाठीत किंवा हाडांत सतत दुखणे
- पायांत अचानक अशक्तपणा, शौच-लघवीवरचा ताबा जाणे

घरच्यांसाठी दोन शब्द

रूसो शेवटच्या वर्षांत पॅरिसच्या आसपास मैलोनमैल पायी हिंडत आणि रानफुले गोळा करून त्यांचा अभ्यास करत. दुखणे गेले नव्हते, पण दिवस दुखण्याच्या ताब्यात राहिला नव्हता. त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले तेही या त्रासासकट. त्यांच्या आयुष्यात ज्यांनी त्यांना नाटकी ठरवले त्यांचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो त्यांना चांगल्या वैद्याकडे नेणाऱ्या मित्राचा आणि दोन तास खर्च करून नीट तपासणाऱ्या, खरे ते सांगणाऱ्या वैद्याचा.

तुमच्या घरातल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल आला असेल तर आनंद माना, कारण बरेच गंभीर आजार त्यातून वगळले गेले. पण त्या कागदावरून त्याचे दुखणे खोटे ठरवू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्याच्यासोबत जा. कुठे दुखते, किती वेळा उठावे लागते, कशाने वाढते, कोणती औषधे किती दिवस घेतली, हे एका वहीत लिहून न्या. लाजेपोटी अर्धे सांगितलेले दुखणे अर्धेच तपासले जाते.